एकविसावा दिवस

जानेवारी उजाडला की माझ्या वर्गातली पोरं एकाएकी गोड बोलायला लागतात. वर्षभर मागच्या बाकावर डुलक्या काढलेली मुलंसुद्धा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात आणि म्हणतात, "मॅम, बायोची काहीतरी स्ट्रॅटेजी सांगा ना." मी मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवते. स्ट्रॅटेजी हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. आधी मी त्यांना चार शब्द सुनावते, मग सांगते. जे सांगते त्यातलं एकही माझं नाही. सगळं एका नववी नापास माणसाकडून उचललेलं आहे. त्या माणसाने मला बारावी पार करून दिली. मी त्याचं काय केलं ते मात्र मुलांना सांगत नाही. सांगण्यासारखं नाही ते.

नाहूर स्टेशनच्या पूर्वेला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून आमच्या भागातल्या मंडळाची दुमजली जागा होती. खाली कॅरमचा बोर्ड आणि गणपतीचं सामान, वर अभ्यासिका. ज्यांच्या घरात पुस्तक उघडायला कोपरा नसायचा ती सगळी मुलं तिथे. आमच्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं आणि एक टीव्ही, आणि तो टीव्ही पाच माणसांपेक्षा जास्त बोलायचा. त्यामुळे कॉलेज सुटलं की मी थेट अभ्यासिकेत. ती उघडणारा, झाडणारा आणि आठ वाजता बंद करणारा माणूस म्हणजे आमचे काका. त्यांना नाव असणारच, पण आम्ही कधी विचारलं नाही.

पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला लाल पेन. वडील गिरणीत होते, हे स्वतः त्या शेजारच्या कारखान्यात पॅकिंगला. कारखाना बंद पडला तेव्हा मंडळाने यांच्या हातात अभ्यासिकेची चावी दिली. काम एवढंच होतं की झाडायचं आणि पोरांना दंगा करू द्यायचा नाही. बाकीचं सगळं त्यांनी स्वतःच्या डोक्याने वाढवलं.

दारात एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात फोन टाकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कोणी म्हणालं, "काका, फोनमध्ये नोट्स आहेत," तर ते म्हणत, "मगे नोट्स पण ट्रंकेत बसून अभ्यास करतले." हायलायटरचा त्यांना भारी राग. माझ्या मैत्रिणीने, प्राचीने, पेशीविभाजनाचा अख्खा धडा पिवळा, गुलाबी, हिरवा करून आणला होता. काकांनी तो पानापानाने बघितला आणि हायलायटर काढून घेतले. "पुस्तक रंगवू नको गो. शिमगो नाय असा," म्हणाले. आकृत्या वहीत काढायला बंदी. कुठल्यातरी शाळेतून काढून टाकलेल्या दगडी पाट्या त्यांनी गोळा करून ठेवल्या होत्या. हृदयाची आकृती पाटीवर काढायची, नावं उजव्या बाजूला एकाखाली एक लिहायची, त्यांना दाखवायची आणि पुसायची. मग परत काढायची. तीनदा. पुसताना जीव तुटायचा. "पुसलेलां डोक्यात रवता," असं त्यांचं म्हणणं. आणि सुरुवात नेहमी नावडत्या धड्यापासून. "जो धडो बघून पोटात गोळो येता, तो पयलो."

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं, त्यांच्या स्टुलासमोर जाऊन उभं राहायचं आणि तो धडा त्यांना समजावून सांगायचा. इंग्रजीत नाही. "इंग्लिश कोणव बोलतलो. माका सांग, माका समाजात असां." त्यांच्याकडे हजेरीपटासारखी एक लांबट वही होती. आडव्या ओळीत आमची नावं, वर उभ्या रकान्यांत धड्यांची. काकांना समजलं तर त्या चौकोनात लाल टिक आणि खाली तारीख. नाही समजलं तर शांतपणे म्हणायचे, "माका समाजूक नाय." की परत जागेवर.

मी पहिल्यांदा गेले ती मूत्रपिंड घेऊन. धडाधड बोलले, अल्ट्राफिल्ट्रेशन काय, रीअ‍ॅब्सॉर्प्शन काय. कॉलेजात सरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. काका खिडकीकडे बघत होते.

"रगत गाळतत, बरां. मगे गाळल्यावर चांगलां खंय जाता आणि वायट खंय जाता?"

"ते... ट्यूब्यूलमध्ये रीअ‍ॅब्सॉर्ब होतं."

"म्हणजे काय होता?"

माझ्या तोंडात सगळे शब्द होते आणि डोक्यात काहीच नव्हतं.

"माका समाजूक नाय."

असली तणतणले मी. नववी नापास माणूस मला नापास करतो म्हणजे काय? जागेवर जाऊन प्राचीला म्हटलं, "यार, याला काय कळतंय, हा कोण मोठा एक्झामिनर लागून गेला." पण परत वाचलं. दुसऱ्या दिवशी परत गेले, परत तेच. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की काका, तुमचा खण आवरायचा आहे. तुम्ही एकेक वस्तू निवडत बसत नाही. आधी सगळा खण खाली ओतता, आणि मग त्यातलं हवं ते उचलून परत आत ठेवता. उरलं तो कचरा. मूत्रपिंड रक्ताचं तसंच करतं. काका हसले. त्यांचा पुढचा एक दात अर्धा होता.

"समाजलां."

लाल टिक आणि खाली तारीख. ती टिक मिळाली तेव्हा जो आनंद झाला तो पुढे एम.एस्सी.ला सुद्धा झाला नाही, खोटं कशाला सांगू.

टिक मिळाली म्हणजे सुटका नव्हती. तारखेपासून बरोबर एकविसाव्या दिवशी काका हाक मारायचे, "मूत्रपिंड, ये गो हय." परत उभं राहायचं, परत सांगायचं. विसरलं असेल तर टिक खोडायचे. आम्ही विचारायचो, काका, एकवीसच का? ते म्हणायचे, "एकवीस दिस झाले की पातळ होता." आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचा काहीतरी खुळचट नियम आहे. पण तो लागू पडायचा. विसाव्या दिवसापर्यंत आठवत असलेलं एकविसाव्या दिवशी खरंच निसटायला लागलेलं असायचं. मी आजही माझ्या मुलांना एकवीसच सांगते.

आता त्या वहीतल्या कोऱ्या रकान्याचं.

आनुवंशिकतेच्या धड्याच्या रकान्यात एकही टिक नव्हती. माझ्याच नव्हे, कोणाच्याच नावापुढे नव्हती. मागच्या सगळ्या वर्षांच्या वह्या कपाटात होत्या, त्यांतही नाही. हुशार हुशार मुलं येऊन गेली होती, त्यातली दोन तर डॉक्टर झाली. या धड्याला मात्र सगळ्यांना एकच उत्तर, माका समाजूक नाय. त्यामुळे गंमत अशी व्हायची की आमच्या अभ्यासिकेतली पोरं बोर्डात त्या धड्याला कधी मार खात नसत. महिनोन्महिने घासलेला असायचा ना. सगळे म्हणायचे, काका मुद्दाम करतात, अवघड धडा आहे म्हणून. मीही तेच समजत होते.

खरं काय ते मला आईने सांगितलं. गणपतीचे दिवस होते. आमच्या भागातले निम्मे लोक कोकणात गावाला गेलेले, गल्ली ओस पडलेली, आणि काका मात्र रोजच्यासारखे अभ्यासिका उघडून बसलेले. मी घरी येऊन म्हटलं, "हे कसले मालवणी, गणपतीलाही गावाला जात नाहीत." आई पोळ्या लाटत होती. तिने हात थांबवला.

"कुठल्या तोंडाने जाईल? बायको आहे ना तिथे."

मग तिने सगळं सांगितलं. काकांना एक मुलगी होती. तिला थॅलेसेमिया, रक्ताचा आजार. बाहेरचं रक्त चढवत राहायचं, तरच पोर जगणार. नऊ वर्षांची होऊन गेली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईबापांना दोघांनाही तपासणी करायला सांगितलं होतं. बायकोने केली. तिच्या रिपोर्टात दोष निघाला. काकांनी केलीच नाही. त्यांची आई म्हणाली, पुरुषाला कशाला तपासायचं, दिसतंय ना कोणाच्या रक्तात खोट आहे ते. डॉक्टर सांगत होते की दोघांकडून आल्याशिवाय असं होत नाही, पण घरात ते कोणी ऐकून घेतलं नाही. पोरीचे दिवस झाले त्या दिवशी सासूने चारचौघांत तेच बोलून दाखवलं. काका तिथेच बसलेले. एक शब्द बोलले नाहीत. बायको दुसऱ्या दिवशी कणकवलीच्या पुढे माहेरी निघून गेली. त्याला बारा वर्षं झाली होती. मधल्या काळात काकांची आई वारली. तरी हे आणायला गेले नाहीत आणि ती आपणहून आली नाही.

"आणि त्यातून सख्ख्या मामाची मुलगी रे देवा," आई म्हणाली. "आपल्याच माणसाला असं तोडलं."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कोणाला वाटायला नको की पोरगी अजाण होती. मला पक्कं माहीत होतं की हा माणूस दरवर्षी पोरांकडून तो धडा का ऐकतो आणि ऐकून समजलं नाही का म्हणतो. समजलं म्हटलं की बारा वर्षांपूर्वी गप्प बसल्याचा जाब स्वतःला द्यावा लागणार, आणि बायकोपुढे जाऊन उभं राहावं लागणार. तो मनाने अडकला होता तिथेच. पण मी सतरा वर्षांची होते, आणि माझ्या नावापुढे सगळ्या रकान्यांत टिका होत्या, एक सोडून. मला ती हवी होती. आजवर कोणाला मिळाली नव्हती, म्हणून तर जास्तच.

बोर्डाची परीक्षा पाच-सहा आठवड्यांवर आली होती. तोवर माझा तो धडा त्यांना चारदा सांगून झाला होता, वाटाण्याची झाडं, उंच, बुटकी, सगळं. चारही वेळा समाजूक नाय. पाचव्या वेळी मी खाली गेले आणि कॅरमच्या डब्यातून चार सोंगट्या घेतल्या, दोन पांढऱ्या, दोन काळ्या. दुपारची वेळ होती, वर सात-आठ मुलं होती. मी काकांच्या स्टुलासमोर खुर्ची ओढून बसले.

"काका, पांढरी सोंगटी चांगली. काळी आजाराची. आईकडे एक पांढरी, एक काळी. बापाकडे पण एक पांढरी, एक काळी. दोघांनी हात मागे घ्यायचा आणि न बघता मुलाला एकेक सोंगटी द्यायची. तुम्ही बाप व्हा, मी आई."

त्यांनी दोन सोंगट्या हातात घेतल्या. पहिल्यांदा दोन्ही पांढऱ्या आल्या. मग एक काळी, एक पांढरी. पुन्हा तसंच. मग एकदा टेबलावर दोन काळ्या शेजारी शेजारी पडल्या.

"हे मूल आजारी," मी म्हटलं. "एका काळीने काही होत नाही. दोन लागतात. आणि एक जण दोन देऊच शकत नाही. दुसरी दुसऱ्यानेच द्यावी लागते."

"आवशीकडे दोनव काळ्यो असल्यो तर?"

"तर आईच लहानपणी आजारी पडली असती, काका."

"बापूस धडधाकट असा. तेका कधी तापव येऊक नाय."

"एक काळी असली तरी माणूस धडधाकटच असतो. म्हणून तर तपासावं लागतं."

त्यांनी त्या दोन काळ्या सोंगट्या बोटाने एकमेकींपासून दूर सारल्या. मग हळूच म्हणाले, "माका समाजूक नाय."

माझं टाळकं सटकलं. "तुम्हाला समजलंय, काका. तुम्हाला समजून घ्यायचं नाहीये."

मुलांनी माना वर केल्या. प्राचीने मागून माझी ओढणी ओढली. काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी एक सोंगटी उचलली, अंगठ्याने पुसली आणि विचारलं, "मगे माझ्याकडे ही काळी इली खयसून?"

इतक्या वर्षांत त्या धड्यात ते पहिल्यांदा 'माझ्याकडे' म्हणाले होते. तिथे मी थांबायला हवं होतं. कोणीही शहाणं माणूस थांबलं असतं. मी पाटी ओढली. वर आजी-आजोबा काढले, खाली त्यांची दोन मुलं, एक काकांची आई, एक काकांचा मामा. आईच्या खाली काका, मामाच्या खाली त्यांची बायको, आणि दोघांच्या मधोमध खाली एक छोटं वर्तुळ, मुलगी.

"तुमच्या आईकडून आली," मी म्हटलं. "तीच तिच्या भावाकडे, भावाकडून त्याच्या मुलीकडे. एकाच घरातली काळी सोंगटी दोन बाजूंनी फिरून तुमच्या मुलीपर्यंत पोचली. म्हणून तर सांगतात ना काका, नात्यात लग्न करू नये. तुमचं लग्नच व्हायला नको होतं."

परीक्षेत उत्तर म्हणतात तशा आवाजात म्हटलं मी हे. आज शिक्षिका म्हणून मला माहीत आहे की तपासणीशिवाय असं छातीठोक सांगता येत नाही, शक्यता म्हणावं लागतं. त्या दुपारी मी शक्यता वगैरे काही म्हटलं नाही.

"म्हणजे आवस ज्या रगताक खोट म्हणा होती," ते म्हणाले, "ता तिचांच."

"हो."

आणि मी हसले. उत्तर बरोबर आलं म्हणून हसले. माझं ते हसू आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

काकांनी वही उघडली. लाल पेनाचं टोपण काढलं. माझ्या नावापुढे त्या कोऱ्या रकान्यात टिक केली, खाली तारीख घातली. "समाजलां," म्हणाले. मग उठून चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिका बंद. असं कधी झालं नव्हतं. मुलं जिन्यावर पुस्तकं उघडून बसली. संध्याकाळी मंडळाच्या सेक्रेटरींनी दुसरी चावी आणून दार उघडून दिलं. काका गावाला गेले, एवढंच कळलं. मला आधी फार भारी वाटलं. घरी आईला सांगितलं, बघ, माझ्यामुळे गेले बायकोला आणायला. आईने माझ्याकडे बघितलं आणि परत कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी मनातल्या मनात काकूंना अभ्यासिकेत आणूनसुद्धा बसवलं, चहा करताना वगैरे.

चार दिवसांनी काका परत आले. एकटेच. सकाळी मी गेले तर झाडत होते. त्यांच्या अंगावर इस्त्रीचा नवा शर्ट होता, गावाला जाताना घालतात तसा, आणि त्याच्यावर केराचे डाग पडले होते. मी जाऊन पाट्या पुसायला घेतल्या. विचारायची मला भीती वाटली.

त्या दिवसापासून ते ऐकेनासे झाले. म्हणजे मुलं स्टुलासमोर उभी राहायची, बोलायची, काका खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि बोलणं थांबलं की टिक करायचे. प्राचीने एकदा मुद्दाम सगळं उलटं सांगितलं, हृदयाच्या डाव्या बाजूला अशुद्ध रक्त वगैरे. तिलाही टिक. ती जागेवर येऊन रडायला लागली. परीक्षा तोंडावर, आणि आपल्याला येतंय की नाही हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. काही मुलांनी त्यांच्यापुढे जाणंच सोडलं. ट्रंकेत फोन टाकतात की नाही तेही ते बघेनासे झाले.

मी तारीख मोजत होते. टिकेपासून एकविसाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारायला हवी होती. हाक आली नाही. चार वाजता बाकीची मुलं खाली पाय मोकळे करायला गेली तेव्हा मी आपणहून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काका, आज एकविसावा दिवस. तो धडा विचारा ना."

"नको गो. ह्या धड्याचां आता पुरे."

मी तशीच उभी राहिले. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि चार सोंगट्या काढून टेबलावर ठेवल्या. खालची कॅरम खेळणारी पोरं तीन आठवडे त्या शोधत होती, एकमेकांवर चोरीचा आळ घेत होती.

"ह्यो घेवन गेल्लंय," ते म्हणाले. "तिका दाखवूक. तू सांगलंस तसां सगळां सांगलंय. तिच्या हातात एक पांढरी, एक काळी, माझ्या हातात एक पांढरी, एक काळी. तिनां सगळां ऐकून घेतलां. मधी एक शब्द बोलली नाय."

"मग?"

"मगे म्हणाली, माका तवाच डॉक्टरीणबाईन सांगलेलां. मी बारा वर्सां थांबलंय, तुमी सांगशात म्हणान."

खाली कोणीतरी स्ट्रायकर मारला.

"मी म्हटलंय, आता सांगलंय मां? तर म्हणाली, आता आत्या नाय, आपलां चेडू नाय, आता कोणाक सांगतास? पेज वाढली माका. जेवलंय. दोन दिस रवलंय. मगे म्हणाली, तुमची अभ्यासिका बंद असतली, पोरांची परीक्षा इली असा, जावा."

मी म्हटलं, "सॉरी, काका." दुसरं काय म्हणणार होते?

"तुजां काय चुकलां? तू बरोबर सांगलंस." त्यांनी वही जवळ ओढली, माझ्या नावाच्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि ते त्या टिकेवर ठेवलं. "तुमी इचारा होतात मां, एकवीसच कित्याक? आमच्या चेडवाक एकविसाव्या दिसाक रगत चढवूचां लागा. वीस दिस बरी आसायची, खेळायची. एकविसाव्या दिवशी ओठ पांढरे. जिनो चढाक जमायचां नाय, मी उचलून नेय. नऊ वर्सां मी दिस मोजलंय. मगे ती गेली तरी डोक्यातलां मोजणां जायना. म्हणान तुमका लावन दिलां."

आम्ही ज्याला खुळचट नियम म्हणून हसत होतो तो हा होता. मी जागेवर जाऊन बसले. समोर पुस्तक उघडं होतं आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं.

बोर्डात आनुवंशिकतेवर चार मार्कांचा प्रश्न आला. रक्ताच्या आजाराचाच. आई वाहक, बाप वाहक, आकृती काढून दाखवा. मी न थांबता लिहिला, चारपैकी चार मिळाले असणार. निकालानंतर पेढे घेऊन गेले. काकांनी पेढा हातात घेतला, "बरां झालां" म्हणाले आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मी निघाले तेव्हा तो तिथेच होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत कारखान्याच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि मंडळाची जागा त्यात गेली. काका कुठे गेले ते कोणाला नीट माहीत नाही. कोणी म्हणालं बहिणीकडे, कोणी म्हणालं गावाला. गावाला म्हणजे बायकोकडे का, हे विचारायचं मी टाळलं. कणकवलीच्या पुढचं ते गाव शोधणं काही अवघड नव्हतं. एक फोन, एक एस.टी. मी शोधलं नाही. न कळणं सोयीचं असतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

आता माझ्याही टेबलावर तशीच एक लांबट वही असते. माझ्या मुलांनी पुस्तक मिटून, पाटीवर आकृती काढून, घरात बोलतात त्या भाषेत मला धडा समजावून सांगायचा असतो. समजलं की मी टिक करते. आनुवंशिकतेचा रकाना मात्र सगळ्यांचा कोरा. सोंगट्या मी वापरत नाही. कॉलेजभर बोभाटा झाला आहे की मॅम त्या धड्याला कोणालाच टिक देत नाहीत. हुशार पोरं तर फार वैतागतात. परवा एक मुलगी आली, सगळ्या टिका मिळवलेली, मान ताठ. तिने तो धडा असा सांगितला की माझ्या अंगावर काटा आला. कुठे बोट ठेवायला जागा नाही. सांगून झाल्यावर ती हसली आणि म्हणाली, "मॅम, आता तरी? बरोबर सांगितलं ना मी?"

बरोबरच होतं.

"मला समजलं नाही," मी म्हटलं. "एकविसाव्या दिवशी ये. परत सांग."